सातवं कॉलेज आणि माझा डबा

९ सप्टेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही! सहा कॉलेजं आहेत, सहाच राहू देत.

आज आमच्या कॉलेजांच्या क्रीडा लीगमध्ये घ्या म्हणून दोन अर्ज आले. एक रास अल खैमाच्या कॉलेजचा — चकचकीत, रंगीत फोटो, हिरवंगार मैदान, पोहण्याचा तलाव. दुसरा इथल्याच, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या कॉलेजचा — साधे तीन-चार कागद, खाली कोणा विजयकुमारची सही. हे कॉलेज एका सुपरमार्केटच्या वरच्या दोन मजल्यांवर भरतं म्हणे. खाली कांदे-बटाटे, वर बी.कॉम.! मग मैदान कुठे? गच्चीवर?

आमच्या लीगचं सौंदर्य लोकांना कळतच नाही. सहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ, पंधरा सामने, पाच शनिवार. खलास! नऊ वर्षं हे वेळापत्रक मी हाताने बनवतोय. सातवा आला की दर शनिवारी कोणीतरी एक घरी बसणार आणि शनिवार लागणार सात. परीक्षा आणि रमझान यांच्या मधल्या फटीत इतके शनिवार आणायचे कुठून? गणिताच्या माणसाला लीगचा सचिव केल्याचा एवढा तरी फायदा, की त्याला मोजता येतं. बाकी खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आमची मुलगी मिहिका रोज सांगतेच.

कुंदाला अर्ज दाखवले. ती कणीक मळत होती. "अहो, घ्या की त्यांना. पोरंच आहेत," म्हणाली. हिला काय जातंय!

१२ सप्टेंबर, गुरुवार

सुजीतचा फोन. तो दुसऱ्या एका सभासद कॉलेजचा क्रीडाशिक्षक — मुंबईचा, तरतरीत, केसांना भरपूर जेल. "सर, रास अल खैमा ओके आहे, पण ते सुपरमार्केटवालं नको. आपलं स्टँडर्ड खाली जाईल. रूलबुक काय म्हणतं?"

रूलबुक! नऊ वर्षांत ते कोणी उघडलेलं नाही. मीही नाही, आणि त्याला कारण आहे. लीग सुरू झाली तेव्हा दोन दिवसांत नियम लिहून द्या म्हणाले. दुबईला येण्याआधी मी पुण्यात सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी होतो. सोसायटीचे बायलॉज लॅपटॉपमध्ये तयार. मी सरळ 'फ्लॅट' खोडून सगळीकडे 'कॉलेज' घातलं आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांचं काम. सर्वांनी सह्या केल्या, "व्हेरी प्रोफेशनल" म्हणाले.

आज नऊ वर्षांनी वाचायला बसलो. कलम सहा : कॉलेजने आपला कुत्रा लिफ्टमधून नेताना साखळी लावावी. कलम नऊ : बाल्कनीत कपडे वाळत घालताना खालच्या कॉलेजवर पाणी पडू देऊ नये. कलम अकरा : दोन कॉलेजं भिंत पाडून एक केली किंवा कॉलेज दुसऱ्याच्या मालकीचं झालं, तर जुनं सभासदत्व संपलं, नव्याने अर्ज करावा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. कुंदा धावत आली, तिला वाटलं ठसका लागला.

पण नव्या सभासदाचं कलम ठणठणीत आहे हं! कोणाचा आक्षेप असल्यास लेखी द्यावा. आक्षेपाचा निर्णय सभेत बहुमताने होईल.

लेखी ना? देतो लेखी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आक्षेपाचं पत्र लिहिलं. दोन पानं, अकरा मुद्दे, शेवटी वेळापत्रकाचा तक्ता. "मैदान नसलेल्या संस्थेला क्रीडा लीगमध्ये घेणं म्हणजे पाण्याशिवाय पोहण्याचा क्लास काढणं आहे" — हे वाक्य इंग्रजीत फारच झकास उतरलं. रास अल खैमावाल्यांबद्दल काही लिहिलं नाही. तलाव आहे त्यांच्याकडे.

सर्वांना पाठवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

ग्रुपवर तीन अंगठे, एक टाळ्या. सुजीतने तर "मास्टरक्लास, सर!" असं लिहिलंय. दिवसभर छान वाटत होतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

घात झाला.

दुबईच्या देरा भागातल्या सभासद कॉलेजने कळवलं — यंदा मुलींचा खो-खो संघ नाही. जुन्या मुली पास होऊन गेल्या, नव्या बारा जमल्या नाहीत. म्हणजे खो-खोचे उरले तीन संघ. आणि नियम असा की चारपेक्षा कमी संघ असले तर तो खेळ त्या वर्षी रद्द. हा नियम सोसायटीचा नाही. हा एकमेव नियम मी माझ्या डोक्याने घातलेला आहे!

मिहिकाला सांगायचं कसं? ती आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला, खो-खोची कॅप्टन. जन्म दुबईचा, पण दर मे महिन्यात पुण्याला मावशीकडे जायची आणि तिथल्या मुलींत गुडघे फोडून घेत खेळ शिकली. मराठी बोलताना अडखळते, पण "खो" असं देते की बसलेली पोरगी उडतेच. दोन वर्षं फायनलला हरली. यंदाचं हे शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात पहाटे पाचला उठून अल बर्शाच्या पार्कात पळत होती, ती याचसाठी.

जेवताना सांगितलं.  ती एकदम म्हणाली, "पण ते इंटरनॅशनल सिटीवाले? दे हॅव अ टीम, बाबा."

"कोण म्हणालं?"

"त्यांच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे. तुम्ही टेबलावरच ठेवलं होतं. पेज थ्री. विमेन्स खो-खो, फोर्टीन प्लेयर्स."

मी पान एक वाचलं होतं. सुपरमार्केट आलं आणि तिथेच थांबलो होतो.

"यू रोट टू पेजेस अगेन्स्ट देम," मिहिका म्हणाली, "अँड यू डिडन्ट रीड थ्री?"

ताट उचलून आत गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. कुंदाने माझ्याकडे पाहिलं आणि वाटीत आणखी आमटी वाढली. न मागता.

२५ सप्टेंबर, बुधवार

आणखी एक कलम सापडलं. बारा. मूळ मजकूर छतातून पाणी गळण्याबद्दलचा : तक्रार करणाऱ्याने संबंधित कॉलेजात स्वतः जाऊन पाहणी करावी, आणि पाहणीच्या वेळी यजमानाकडून कोणताही लाभ घेऊ नये.

म्हणजे मला जाणं भाग आहे. बरंच झालं. विजयकुमारना फोन केला. आवाजावरून भला माणूस वाटला. "आइए सर, आइए! लंच हमारे साथ," म्हणाले. मी आपलं "देखते हैं" म्हटलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस सगळा लिहून ठेवला पाहिजे. शरम वाटतेय तरी.

सकाळी दहाला पोचलो. विजयकुमार सुपरमार्केटच्या दारातच उभे — पन्नाशीचे, बुटके, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी. कॉमर्स शिकवतात. तामिळनाडूत शाळेत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघात होते. मी टेप काढला तसे हसले. "ग्राउंड देखेंगे सर?" आणि लिफ्टचं बटण दाबलं. वर नाही, खाली!

मैदान म्हणजे तळघरातलं पार्किंग. शनिवारी कॉलेज बंद, गाड्या नसतात, तेव्हा हे यांचं. खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. इथे खांबांना काय तोटा! इमारतच खांबांवर उभी. मी टेप लावला — चोवीस मीटरला एक वीत कमी. अडचण एकच. दोन टोकांच्या खांबांच्या मध्ये त्याच रांगेत आणखी दोन खांब आहेत. जाडजूड, काँक्रीटचे, पिवळेकाळे पट्टे मारलेले.

"मग मुली पळतात कशा?" मी हिंदीत विचारलं.

"देखिए," विजयकुमार म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

देवा! नऊ वर्षं सचिव आहे, पण असा खो-खो मी पाहिला नव्हता. चौदा मुली — केरळच्या, नेपाळच्या, श्रीलंकेच्या, एक लाहोरची, एक फिलिपिनो. गुडघ्यांना जाड पट्ट्या, कारण खाली सिमेंट. सूर मारायला सक्त बंदी. त्यामुळे सगळा खेळ पायांवर आणि वळण्यावर. खांबापाशी येतात आणि पाण्यासारख्या वळून निघून जातात. आणि तो "खो!" — तळघरात असा घुमतो की मी दोनदा दचकलो. काठमांडूची एक उंच मुलगी तर तीन मिनिटं कोणाच्या हाती लागली नाही. मी टाळ्या वाजवल्या. पाहणी अधिकाऱ्याने टाळ्या वाजवू नयेत, हे नंतर लक्षात आलं.

मग जेवण. इथे मी जे केलं ते केलं.

स्टाफरूममध्ये टेबलावर पेपर पसरून मुलींनी सगळं मांडलं होतं. लेमन राइस, अंड्याची करी, मोमो, कसलीशी गोड खीर. आणि मध्यभागी पोह्यांचं मोठं पातेलं. वर शेव, खोबरं, कोथिंबीर. "सर महाराष्ट्रियन हैं ना, इसलिए," लाहोरची मुलगी म्हणाली. मोबाइलवर बघून बघून केले होते. थोडे चिकट झाले होते, ते लांबूनही दिसत होतं.

आणि मी बॅगेतून माझा डबा काढला. कुंदाने केलेली भेंडी आणि तीन पोळ्या. कलम बारा — कोणताही लाभ घेऊ नये! मी ते कलम त्यांना समजावूनसुद्धा सांगितलं. सोसायटीच्या गळतीचं कलम, चौदा भुकेल्या मुलींना, इंग्रजीतून.

 विजयकुमार म्हणाले, "नो प्रॉब्लम सर. रूल इज रूल." आणि माझ्यासाठी वाढलेली बशी हळूच बाजूला ठेवली. काठमांडूच्या मुलीने विचारलं, "सर, आप का टेस्ट कर सकती हूँ?" तिला अर्धी पोळी आणि भेंडी दिली. तिने आवडीने खाल्ली. मी त्यांचं एक शीतसुद्धा घेतलं नाही. असा ताठ बसलो होतो की पाठ अजून दुखतेय.

२९ सप्टेंबर, रविवार

कुंदा सकाळपासून भांडी आपटत होती. अकराला बोलली.

"अहो, लोकांच्या घरी जाऊन स्वतःचा डबा उघडलात?"

"नियम होता."

"नियम तुम्हीच लिहिलाय ना? तोही आपल्या सोसायटीतून उचलून? त्या सोसायटीत तुम्ही गळती बघायला गेलात की दर वेळी चहा आणि लाडू खाऊन यायचात! मला माहीत नाही का!"

खरं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीला तर मी तीनदा गेलो होतो. लाडू बेसनाचे होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आक्षेप मागे घेतो म्हणून सर्वांना मेल टाकला. पाच मिनिटांत सुजीतचं उत्तर : "सर, कलम तेरा. दिलेला आक्षेप मागे घेता येणार नाही, निर्णय सभेतच." आता हा रूलबुक वाचायला लागला! हे कलम सोसायटीत का घातलं होतं तेही आठवलं. लोक तक्रार करायचे आणि जिन्यात आपापसात मिटवून टाकायचे, म्हणून. मीच सुचवलं होतं. आपलंच कलम आपल्याला असं चावतं.

सभा १८ ऑक्टोबर, शुक्रवार. संघांची नावं द्यायची शेवटची तारीख २०. सभेत काही झालं नाही तर खो-खो गेला आणि मिहिकाचं वर्षही गेलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

रास अल खैमाच्या कॉलेजने अर्ज मागे घेतला. "आपल्या लीगचा स्तर आमच्या सुविधांना साजेसा नाही, असं आमच्या पाहणीत आढळलं." आम्ही त्यांना तपासण्याआधी त्यांनीच आम्हाला तपासून नापास केलं! मिहिका किती दिवसांनी पोट धरून हसली. मीही हसलो, पण जरा झोंबलंच.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मिहिका रोज प्रॅक्टिसला जाते. अजून स्पर्धा होणार की नाही ठाऊक नाही, तरी जाते. आज घेऊन आलो तिला. गाडीत म्हणाली, "इफ इट डझन्ट हॅपन, इट्स ओके, बाबा." सिग्नल हिरवा झाला तरी मी तसाच उभा. मागच्याने हॉर्न मारला. तिच्या ओके म्हणण्याने जीव तुटला. ती वैतागली असती, भांडली असती तर मी तोंड तरी दिलं असतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सभा दुबईतल्या ऊद मेथा भागात. दुपारी चारला. शुक्रवार का, तर आम्ही सुरुवात केली तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. पुढे दुबईची सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, पण सभेचा वार काही कोणी बदलला नाही. आता शुक्रवारी अर्धा दिवस संपला की माणसं लांब विकेंडला पळतात.

पळालीच! चारला खोलीत आम्ही तिघं. मी, सुजीत आणि शारजाच्या कॉलेजचे जमालभाई. जमालभाई मूळचे हैदराबादी, तीस वर्षं शारजात, फुटबॉल शिकवतात, बोलतात कमी आणि हसतात जास्त. कोरमला चार लागतात. देराच्या सरांचा मेसेज — सहलीला निघालेत, हत्ताच्या रस्त्यावर आहेत. बाकी दोघांचे फोन बंद.

सुजीतने लॅपटॉप मिटला. "कोरम नाही. चला सर, पुढच्या महिन्यात भेटू."

पुढच्या महिन्यात! नावं द्यायची शेवटची तारीख तर परवाची! आणि मग आठवलं. पुण्यात सोसायटीच्या सभेला कोरम कधी झाला होता? एकदाही नाही! चार वर्षं आम्ही सभा कशी घ्यायचो?

"सुजीत, कलम चौदा वाच."

त्याने वाचलं. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने : कोरम न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करावी. त्यानंतर त्याच ठिकाणी, असतील तेवढ्या सभासदांत भरवावी. तेव्हा कोरमची अट नाही.

"सर, हे सोसायटीचं आहे हो!"

"सगळंच सोसायटीचं आहे. सही तुझ्या कॉलेजचीही आहे."

खाली कोपऱ्यावर करक चहा प्यायला गेलो. अर्धा तास घड्याळ लावून. दोन मतं हवीत. माझं एक. सुजीतचं विरोधात. म्हणजे सगळं जमालभाईंवर. त्यांच्या कॉलेजात खो-खो आहे, पण ते स्वतः फुटबॉलवाले. सातवा संघ आला की त्यांच्या फुटबॉलचे शनिवार वाढणार. सुजीतने वेळ वाया घालवला नाही, तिथेच माझं पत्र मोबाइलवर काढून वाचायला सुरुवात केली. अकराच्या अकरा मुद्दे. काय पत्र होतं! ऐकता ऐकता मलाच पटायला लागलं.

जमालभाईंनी सगळं ऐकलं. कप खाली ठेवला. मला विचारलं, "आप देख के आए ना वहाँ? खाना-वाना खिलाए क्या लोगां?"

काय सांगणार! सगळं सांगितलं. पोहे, शेव, बाजूला ठेवलेली बशी, माझी भेंडी.

जमालभाई पुढे वाकले. "आप... उनके घर... अपना डब्बा ले के गए?"

"हां."

"हबीबी! बच्चियाँ पका के बैठी थीं और आप डब्बा खोले?" कपाळावर हात मारला. "मेरी अम्मा सुनती तो आप को घर में नईं लेती थी. अब तो भाई, उन लोगां कू लेनाच पड़ता. इज्जत का सवाल है, अपने सब की!"

वर आलो. चार पस्तीसला मतदान. दोन विरुद्ध एक. माझ्याच आक्षेपाच्या विरुद्ध मी हात वर केला आणि इतिवृत्तात तसं लिहिलंसुद्धा. सुजीत फुरंगटला, पण जाताना हात मिळवला. "पत्र भारी होतं पण, सर."

घरी आलो तर मिहिका दारातच. मी दोन बोटं वर केली, मग एक. तिने मला अशी मिठी मारली की चष्मा पडला. चष्म्याची दांडी तुटलीय. तुटू दे!

२१ ऑक्टोबर, सोमवार

ग्रुपवर कुरकुर. हत्ताच्या वाटेवरच्या सरांचं म्हणणं, तीन माणसांनी ठरवायचं म्हणजे काय? मी कलम चौदाचा फोटो टाकला. तासाभराने अंगठा आला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. आज कुंदाने फराळाचा डबा भरला, तोही आमच्या घरातला सर्वांत मोठा. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू. "हा इंटरनॅशनल सिटीला नेऊन द्या. आणि तिथे काही दिलं तर मुकाट्याने खा!"

गेलो. पण विजयकुमार दिवाळीला गावी गेलेले, वॉचमनकडे ठेवून आलो. खायची संधी हुकलीच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वेळापत्रक झालं! सात संघ, एकवीस सामने, सात शनिवार. दर शनिवारी एक संघ मोकळा. त्याचं काय करायचं म्हणून तीन दिवस डोकं खाजवत होतो. कुंदा म्हणाली, "मोकळा बसलेला काय करतो? घरात काय करतात मोकळी बसलेली माणसं? दुसऱ्याच्या चुका काढतात."

अरे! पंच! मोकळ्या संघाने त्या दिवशी पंच द्यायचे. नऊ वर्षं मी पंचांसाठी लोकांच्या विनवण्या करतोय. सहा संघांचं माझं ते सुंदर वेळापत्रक — त्यात हीच तर खोट होती, आणि मला ती सातवा आल्याशिवाय दिसली नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मिहिकाच्या संघाचा पहिला सामना तळघरवाल्यांशी, आमच्या मैदानावर. मोकळी जागा पाहून त्या पोरी आधी बावचळल्या. मग सुरू झाल्या आणि काय सांगू — मधे खांब नसताना त्या खांब असल्यासारख्या वळतात! आमच्या मुली सरळ पुढे जातात आणि ह्या भलतीकडे निघालेल्या. दणकून हरलो. मिहिका घरी येऊन जेवणाच्या दोन खुर्च्या हॉलमध्ये मांडून त्यांच्याभोवती पळत होती. खालच्या मजल्यावरच्यांचा फोन आला. कलम नऊ!

५ डिसेंबर, गुरुवार

नॅशनल डेची सुट्टी संपवून गेलो तर कॉलेजात सूटबूट घातलेली चार माणसं लायब्ररीची भिंत मोजत होती. कार्पेट बदलताय का, विचारलं. हसले नुसते. मॅनेजमेंटचं काहीतरी चालू असतं नेहमी.

मिहिकाने आज खुर्च्यांऐवजी पार्किंगमधले खांब वापरले. वॉचमनने ओरडून हाकललं. खूश होती.

२५ जानेवारी, शनिवार

मिहिकाचा संघ फायनलला! समोर कोण, ते लिहायला नको.

८ फेब्रुवारी, शनिवार

फायनल.

कुंदाने पोहे केले, दोन्ही संघांसाठी. दोन मोठी पातेली, गाडीत मांडीवर धरून आणली. सामन्याआधीच वाटले. काठमांडूची मुलगी बशी घेऊन माझ्याकडे आली, "सर, आज आप का डब्बा किधर?" म्हणाली. सगळ्या हसल्या. विजयकुमारांनी तिला डोळे वटारले, पण मिशीत तेही हसत होते.

शेवटचा डाव. आमचे दहा, त्यांचे दहा. मैदानात आमची शेवटची पळणारी — मिहिका. घड्याळात चाळीस सेकंद. ती पळाली! तळघरवाल्यांसारखीच वळत होती, नसलेल्या खांबांभोवती. मी सचिव, गुणांची वही माझ्याकडे, मला ओरडायची परवानगी नाही. ओरडलो. जमालभाई "यल्ला, यल्ला!" — चला, चला — करत रेषेवर नाचत होते. कोणासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पंच आज सुजीतच्या कॉलेजचे, त्यामुळे सुजीत शिट्टी घेऊन मध्ये.

सहा सेकंद उरले असताना काठमांडूच्या मुलीने तिच्या पाठीला हात लावला. अकरा–दहा.

मी वहीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मिहिका मैदानावर उताणी पडून हसत होती आणि रडत होती, आणि ती उंच मुलगी तिच्या शेजारीच आडवी झाली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

मिहिका गाडीत मागे बसली. आवाज बसलेला, गुडघा फुटलेला. मी काहीतरी बोलणार होतो, की शेवटच्या 'खो'ला त्यांनी रेषा ओलां—

"बाबा," म्हणाली, "दे वर बेटर. प्लीज डोन्ट राइट अ लेटर."

कुंदा इतकी हसली की रिकामं पातेलं मांडीवरून घरंगळलं. तीन वर्षं हरली पोरगी, आणि घरात लग्नघरासारखा आनंद! कौतुक वाटलं तिचं. तिला तसं सांगितलंही. तोंडावर, मराठीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅनेजमेंटचा मेल. सप्टेंबरपासून आमचं कॉलेज शेजारच्या कॉलेजात विलीन. मधली लायब्ररीची भिंत पडणार. नोकऱ्या राहतील, नाव जाईल.

दहा मिनिटांत सुजीतचा फोन : "सर, कलम अकरा! तुमचं सभासदत्व संपतं. नव्याने अर्ज करावा लागेल." बसलो आणि अर्ज लिहिला. तीन पानं. सर्वांनी तिन्ही वाचावीत, अशी वर विनंती केली.

संध्याकाळी कळलं, पाहणीसाठी एकाने आपणहून नाव दिलंय. त्याचाच फोन आला. विजयकुमार.

"सर, सैटरडे को आऊँगा. टेप लाऊँगा. डब्बा नहीं लाऊँगा."